निवडणूक रोखा : ड्राफ्टच्या टेबलावरून केलेलं परीक्षण

बँकेत एकतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी डिमांड ड्राफ्टच्या टेबलावर. त्यामुळे पैशाच्या कागदाबद्दल मत द्यायचा थोडा हक्क आहे असं समजतो. निवडणूक रोखा, म्हणजे राजकीय पक्षाला देणगी द्यायला बँकेतून घ्यायचा कागद, हा माल आता मिळत नाही. 15 फेब्रुवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने योजनाच घटनाबाह्य ठरवली. तरी लिहितोय, कारण कुठलीही वस्तू कोणासाठी बनवली होती हे गिऱ्हाइकांची यादी हातात आल्यावरच कळतं, आणि ती यादी त्यानंतर महिन्याभराने आली.

आधी वस्तूबद्दल. छपाई आमच्या नाशिकच्या प्रेसमधली. माझे मेहुणे तिथूनच निवृत्त झाले. काय छापलं हे घरी कधी बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. किमती पाच : हजार, दहा हजार, लाख, दहा लाख, कोटी. मिळण्याचं ठिकाण एकच, स्टेट बँकेच्या ठरावीक 29 शाखा, आणि तेही वर्षातले मोजके दिवस. व्याज शून्य. मुदत 15 दिवस. तेवढ्यात पक्षाने वटवला नाही तर पैसे पंतप्रधान मदतनिधीत. आणि कागदावर नाव कोणाचंच नाही, देणाऱ्याचं नाही की घेणाऱ्याचंही.

या शेवटच्या गोष्टीवर माझी सुई अडकते. रोखे विकायला सुरुवात झाली 2018 च्या मार्चमध्ये. त्याच वर्षी 15 सप्टेंबरपासून रिझर्व्ह बँकेने डिमांड ड्राफ्टवर खरेदीदाराचं नाव छापणं सक्तीचं केलं. म्हणजे कॉलेजच्या फीचा ड्राफ्ट काढणाऱ्या बापाचं नाव कागदावर, आणि कोटीचा रोखा घेणारा बिननावाचा! बिननावाचे कागद आम्ही आधी पाहिले नव्हते असं नाही. इंदिरा विकास पत्र तसंच होतं, हरवलं की गेलं. पण ते पोस्टात मिळायचं आणि साध्या माणसाच्या ट्रंकेत पडून राहायचं. या नव्या कागदाला रिझर्व्ह बँकेनेच 2017 मध्ये आक्षेप घेतला होता. ऐकलं कोणी?

आणि पुरता बिननावाचा तरी होता का? एका पत्रकार बाईंनी 2018 च्या एप्रिलमध्ये हजार-हजाराचे दोन रोखे घेऊन प्रयोगशाळेत तपासले, तेव्हा अतिनील उजेडात कोपऱ्यात नंबर दिसला. म्हणजे बँकेला माहीत, देणाऱ्याला माहीत, आणि पैसे कोणी दिले हे घेणाऱ्याला कोणी सांगितलं नसेल असं मानायला मी तरी तयार नाही. आंधळे काय ते आपण.

आता गिऱ्हाईक. विकल्या गेलेल्या रकमेतला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग कोटीच्या रोख्यांचा. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक फ्यूचर गेमिंग अँड हॉटेल सर्व्हिसेस, म्हणजे ‘लॉटरी किंग’ सॅन्टियागो मार्टिन यांची कंपनी : 1,368 कोटी. टाटा नाहीत, अंबानी नाहीत, लॉटरीवाला. यादी उघडली त्या दिवशी मी हा आकडा चष्मा पुसून दोनदा वाचला.

मार्टिन यांच्यावर ईडीचा आरोप जुना आहे : सिक्कीमच्या लॉटरीत हिशेब फिरवून त्या सरकारचं 900 कोटींहून अधिक नुकसान केल्याचा. 2 एप्रिल 2022 ला ईडीने जवळपास 410 कोटींची मालमत्ता गोठवल्याचं जाहीर केलं. 7 एप्रिलला कंपनीने 100 कोटींचे रोखे घेतले. दोन व्हाउचरांवरच्या तारखा शेजारी-शेजारी आल्या म्हणून एकामुळे दुसरं झालं असं ऑडिटर लिहीत नाही. पण पेन्सिलीने खूण मात्र करतो.

‘धाड पडली, दिल्लीला पैसे पोचले’ असं साधं गणित मांडायला गेलं तर तेही जुळत नाही. या कंपनीचे सगळ्यात जास्त पैसे, 542 कोटी, तृणमूलला. बंगालात लॉटरी चालते, ते समजलं. पण पाचशेच्या वर कोटी द्रमुकला. आणि तमिळनाडूत लॉटरीवर 2003 पासून बंदी! जिथे आपलं दुकानच नाही तिथे एवढा मोठा नैवेद्य का, याचं उत्तर यादीत नाही. भाजपला 100 कोटी आणि काँग्रेसलाही 50 मिळाले, म्हणजे कोणी उपाशी राहिलं नाही.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर दुसऱ्या क्रमांकाचं गिऱ्हाईक पाहा. मेघा इंजिनिअरिंग, 966 कोटी. त्यातले 140 कोटींचे रोखे 2023 च्या एप्रिलमधले. पुढच्याच महिन्यात ठाणे-बोरिवली बोगद्याचं सुमारे 14,400 कोटींचं काम त्यांच्याकडे आलं. इथेही पेन्सिल.

विक्रीपश्चात सेवेबद्दल न बोललेलंच बरं. कोणी घेतला आणि कोणी वटवला हे जुळवायला बँकेने 30 जूनपर्यंत, म्हणजे लोकसभेची निवडणूक उरकेपर्यंत, वेळ मागितला. आम्ही दिवसअखेर ड्राफ्टचं रजिस्टर जुळल्याशिवाय घरी जात नव्हतो. न्यायालयाने दम दिल्यावर माहिती दुसऱ्या दिवशी हजर. 14 मार्चला याद्या निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आल्या, पण कोणाचा रोखा कोणी वटवला हे जुळवून देणाऱ्या नंबरांशिवाय; नंबर आले 21 तारखेला. पुढे या देवघेवीची खास पथकाकडून चौकशी करा ही मागणी 2 ऑगस्ट 2024 ला सर्वोच्च न्यायालयानेच फेटाळली.

पाचपैकी किती? कोटीवाल्या गिऱ्हाइकासाठी साडेचार. अर्धा त्या नंबराने कापला. आमच्यासारख्याला शून्य, आणि हजाराचा रोखा ठेवलाच कशाला होता हे अजून कळलेलं नाही. मेहुण्यांना यादीतलं पहिलं नाव दाखवलं. ते एवढंच म्हणाले, “लॉटरीच्या तिकिटावर नंबर किती मोठा छापतात, बघितलंस का कधी?”