दंडावरचा शुगर सेन्सर, १४ दिवस वापरून
मला टाइप २ डायबेटीस आहे, बहिणीला नाही, तरी दोघींनी एकदमच लावला. सेम जेवण, सेम वेळ, तिची शुगर तासाभरात १३२ आणि दोन तासांत परत ९५, माझी २१४ आणि तीन तास झाले तरी खाली यायचं नाव नाही. तिचं शरीर जेवायला लागल्या लागल्या इन्सुलिन सोडतं, माझं उशिरा नि कमी सोडतं आणि जे सोडतं त्याला पेशी नीट दाद देत नाहीत, डॉक्टरांनी दहा वेळा सांगितलेलं पण ग्राफ बघितला तेव्हा खरं कळलं. दुसऱ्या दिवशी तेच जेवण, फक्त भाज्या नि प्रोटीन आधी, कार्ब शेवटी, मग १५ मिनिटं चालले तर १७१! डोळ्यात पाणीच आलं हो.

एक त्रास आहे, सेन्सर असलेल्या कुशीवर झोपलं की दाबामुळे रीडिंग उगाच ६० दाखवतं आणि रात्री २ ला अलार्म, जाम घाबरायला होतं. शिवाय हा रक्तातली नाही, पेशींभोवतीच्या द्रवातली शुगर मोजतो, त्यामुळे आकडा काही मिनिटं मागे असतो, शंका आली की बोट टोचून ग्लुकोमीटरवर बघाच. पुढचा सेन्सर मागवलाय.