वर्दी उतरल्यावर शिकवायचं कुठे: फ्लाइंग स्कूल की शाळेचा वर्ग?

हवाई दलातून निवृत्त होऊन मुंबईत स्थिरावणारे वैमानिक मला हा प्रश्न नेहमी विचारतात. एअरलाइन नको, शिकवायचं आहे, एवढं त्यांचं ठरलेलं असतं. मी दोन्ही कामं केली आहेत, म्हणून लिहितो.

फ्लाइंग स्कूलबद्दल आधी हे ध्यानात घ्या की त्यासाठी मुंबई सोडावी लागते. जेआरडी टाटा १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, पण आज जुहूवर मुख्यतः हेलिकॉप्टरं उडतात. उड्डाण शिकवलं जातं ते धुळे, बारामती, गोंदिया अशा ठिकाणी. इतकी वर्षं बदल्यांमागे फिरलेल्या बायकोला पुन्हा बॅगा भरायला लावण्याआधी तिच्याशी नीट बोला. हवाई दलातले उड्डाणाचे तास डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतुकीचं नियमन करणारं सरकारी महासंचालनालय, धरतं, तरी परवाना आणि इन्स्ट्रक्टर रेटिंग, म्हणजे उड्डाण शिकवण्याची मान्यता, त्यांच्याच नियमांनी काढावं लागतं. क्लास वन मेडिकल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाची वैद्यकीय तपासणी, हीही दर मुदतीला पास व्हावं लागतं.

बदल्यात पगार ठरलेला, आणि काम डोळ्यांसमोर फळतं. आपला विद्यार्थी पहिल्या सोलोला एकटा सर्किट मारतो, म्हणजे धावपट्टीभोवती एक फेरी मारून उतरतो, तेवढी मिनिटं तुमचा श्वास अडकलेला असतो. चाकं टेकली की कळतं, हे आपण शिकवलं.

शाळेत मुलांना विमानांची ओळख करून देताना असं लगेच काही दिसत नाही. मानधन थोडं, पुष्कळदा नाहीच. पेन्शनवर घर चालत असेल तरच या वाटेला जा. मुख्याध्यापकांची परवानगी, परीक्षा, पावसाळी सुट्ट्या यांतून तास मिळवावा लागतो. तरीही मला हेच काम मोठं वाटतं.

घाटकोपरच्या एका शाळेत सातवीतल्या मुलीने विचारलं, “सर, सगळी विमानं आमच्याच डोक्यावरून का येतात?” मी फळ्यावर दिशा काढल्या. मुंबईच्या मुख्य धावपट्टीच्या एका टोकाला ०९ लिहिलंय, दुसऱ्याला २७. पुढे शून्य जोडा: ९० अंश म्हणजे पूर्व, २७० म्हणजे पश्चिम. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं, म्हणजे जमिनीवरचा वेग कमी राहतो. आपल्याकडे वारा बहुतेक समुद्रावरून येतो, म्हणून विमान पूर्वेकडून, तुमच्या घरांवरून खाली येतं. अख्खा वर्ग खिडकीशी धावला. रोजचा तो आवाज त्या दिवशी त्यांचा धडा झाला.

याच मुलांना कुणीतरी वेळेवर सांगायला हवं की कमर्शियल परवान्याला, म्हणजे पगारी वैमानिक होण्याच्या परवान्याला, २०० तासांचं उड्डाण लागतं आणि त्याला लाखो रुपये पडतात. एनडीएत, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, मात्र प्रशिक्षणाचा खर्च सरकार करतं, आणि २०२२ पासून तिथे मुलीही आहेत. हवाई दलात वैमानिक व्हायला बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवंच. दहावीनंतर चुकीची शाखा घेतली की ही वाट जवळजवळ बंद होते.

डीजीसीएच्या लेखी परीक्षांची तयारी करून घेणारे ग्राउंड क्लासेस हा तिसरा पर्याय आहे. शहरातच राहता येतं, पैसेही बरे, पण बहुतेक वेळ प्रश्नसंच सोडवण्यात जातो.

माझा सल्ला असा: हात अजून कंट्रोलसाठी शिवशिवत असतील आणि तब्येत साथ देत असेल, तर आधी दोन-तीन वर्षं फ्लाइंग स्कूलला द्या, कारण मेडिकल आपल्यासाठी थांबत नाही. नाहीतर थेट शाळेत जा. पहिल्या तासाला लढाईच्या गोष्टी सांगू नका. कागदी विमानं करायला लावा, मग मुलांना वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात घेऊन जा. तिथे ‘मारुत’ उभं आहे, १९६१ मध्ये पहिल्यांदा झेपावलेलं भारतीय बनावटीचं जेट लढाऊ विमान. मुलांचे खरे प्रश्न त्याच्या पंखाशी उभं राहिल्यावर सुरू होतात.