विश्रामबागेतलं कॉमिक्सचं वाचनालय : ॲनिमेशनवाल्यांनी रविवारी गाठायलाच पाहिजे

सांगलीत ॲनिमेशनवर मन लावून बोलणारी माणसं भेटत नाहीत अशी ज्यांची ज्यांची तक्रार आहे त्यांनी विश्रामबागेतल्या या वाचनालयात एकदा रविवारी संध्याकाळी जाऊन या, मग बोलू. बाहेर बोर्डवर नुसतं 'वाचनालय' लिहिलंय त्यामुळं बरीच पोरं एमपीएससीची अभ्यासिका समजून पुढं निघून जातात. शंभर फुटी रोडवरनं आत वळलं की झेरॉक्सच्या दुकानावरचा मजला, जिना अरुंद आहे, चपला खालीच काढायच्या. आत तीन भिंतींना कॉमिक्सची कपाटं, मधे एक लांब टेबल, एक जुना कॉम्प्युटर आणि कोपऱ्यात चहाची शेगडी, बस एवढंच. पण पुण्यातल्या महागड्या कॅफेत सुद्धा मला असलं बोलणं ऐकायला मिळालेलं नाही.

आधी व्यवहाराचं सांगतो. डिपॉझिट ५०० रुपये, ते सोडताना परत मिळतंय, महिन्याची वर्गणी १५०, आणि एका वेळी दोन कॉमिक्स घरी नेता येतात. पिक्चरची आर्टबुकं, म्हणजे ती जाडजूड पुस्तकं ज्यात कॅरेक्टरची पहिली स्केचेस, रंगांचे कागद, रद्द झालेली डिझाईन्स असं सगळं छापलेलं असतं, ती मात्र घरी देत नाहीत, तिथंच बसून बघायची. मला हे पटलं, एकेक पुस्तक हजारोंच्या घरात जातंय आणि एकदा शिवण सुटली की संपलं. चहा १५ ला आणि भडंग ३० ला प्लेट. भडंगाला लसूण सढळ हातानं घातलेला असतो, शेंगदाणा कडक, वरनं कच्चा कांदा, एकदम सांगलीची चव. फक्त नियम असा आहे की भडंग खाल्लं की साबणानं हात धुऊन कोरडे केल्याशिवाय पुस्तकाला हात लावायचा नाही आणि वाचनालयाचे मालक काका तो नियम सगळ्यांना लावतात, मग समोर डॉक्टर असो नाहीतर सहावीतलं पोरगं.

आता मुख्य मुद्दा, रविवारची बैठक. पाच वाजता सुरू होते आणि सध्या महिनोन् महिने एकाच विषयावर चाललीय, 'बियाँड द स्पायडर-व्हर्स', म्हणजे स्पायडर-मॅनच्या ॲनिमेशन पिक्चरांचा तिसरा भाग. पिक्चर यायचाय २०२७ च्या जूनमध्ये, पण इथली पोरं त्याच्या टीमवर असं बोलतात की आपल्याकडं वर्ल्डकपच्या टीम सिलेक्शनवर बोलतात तसं. आणि मला जे आवडलं ते हे की इथं आवाज कुणी दिलाय यावर कुणीच जास्त वेळ घालवत नाही. दिग्दर्शक कोण, लिहिलंय कुणी, प्रॉडक्शन डिझाईन कुणाचं, संगीत कुणाचं, कोण राहिलं आणि कोण बदललं, सगळं बोलणं यावर. खिडकीशेजारी एक फळा आहे त्यावर ही नावं देवनागरीत लिहून ठेवलीत, नवीन माणूस आला की आधी फळा वाचतो आणि मग बसतो.

मी गेलो तेव्हा वाद पेटला होता तो दिग्दर्शकांवरनं. झालंय असं की २०१८ चा पहिला पिक्चर बॉब पर्सिकेटी, पीटर रॅमझी आणि रॉडनी रोथमन या तिघांनी केला, त्याला ऑस्कर मिळालं. दुसरा, २०२३ चा, तो वाकिम दोस सांतोस, केम्प पॉवर्स आणि जस्टिन के. थॉम्सन यांनी. तिसराही आधी याच तिघांकडं होता, पण आता दिग्दर्शनात थॉम्सन राहिलाय आणि त्याच्या जोडीला पहिल्या भागातला पर्सिकेटी परत आलाय. लिहिणारे मात्र तेच, फिल लॉर्ड, ख्रिस्तोफर मिलर आणि डेव्हिड कॅलहॅम. तर एका गटाचं म्हणणं असं की केम्प पॉवर्स नसला तर भावनेची बाजू पातळ होणार, कारण 'सोल' या ॲनिमेशन पिक्चरचं लेखन आणि सहदिग्दर्शन त्यानंच केलेलं, बापलेकाच्या सीनमध्ये त्याचा हात कळतो. दुसरा गट म्हणतोय की अहो थॉम्सन पहिल्या भागाचा प्रॉडक्शन डिझायनर होता, म्हणजे हे जग दिसतंय कसं हे ठरवण्यात तो पहिल्या दिवसापासनं आहे, आणि पर्सिकेटी स्टोरी डिपार्टमेंटमधनं, म्हणजे जिथं सीन आधी स्टोरीबोर्डवर चित्रांत मांडतात तिथनं, वर आलेला माणूस, मग काळजी कसली.

माझं मत दुसऱ्या गटाकडं झुकतंय. दुसरा भाग अर्ध्यात सोडलाय, सगळे धागे लोंबकळतायत, आता ते बांधायला स्टोरीबोर्डवर पकड असलेला माणूसच पाहिजे. पण केम्प पॉवर्सचा मुद्दा मांडणारी जी मिरजेची ताई आहे, जिनं ॲनिमेशनचा कोर्स केलाय, तिचं ऐकल्यावर माझी खात्री थोडी हलली हे खरं.

या ताईंसाठी तरी जावं असं मी म्हणेन. त्यांनी लॅपटॉपवर पहिल्या भागातला जंगलातला सीन लावला, तो लॅबमधनं पळून झाडाझाडांतनं झोके घेत जातात तो, आणि एकेक फ्रेम पुढं सरकवत दाखवला. पिक्चर सेकंदाला २४ फ्रेमनं चालतो. पीटर, म्हणजे मुरलेला स्पायडर-मॅन, त्याची पोझ प्रत्येक फ्रेमला बदलतीय आणि माइल्स, म्हणजे पिक्चरचा हिरो पोरगा, त्याची एक पोझ दोन फ्रेम तशीच राहतीय, म्हणजे सेकंदाला १२ च चित्रं. ताई म्हणाल्या, "बघा, पोरगं अजून शिकाऊ आहे म्हणून मुद्दाम अडखळत ठेवलंय, पुढं त्याला जमायला लागलं की हालचाल गुळगुळीत होती." मी तो सीन आधी बघितलेला, माइल्स जरा अवघडल्यासारखा वाटतोय एवढंच जाणवलेलं, का ते त्या दिवशी कळलं. मग दुसऱ्या भागातला हॉबी, तो गिटारवाला स्पायडर-मॅन, दाखवला, त्याचं अंग वेगळ्या वेगानं हलतंय, जाकीट वेगळ्या, गिटार वेगळ्या. टेबलावर दहा मिनिटं कुणी भडंगाला हात लावला नाही.

आणि मग काकांनी कपाट उघडलं. काकांचं वय झालंय, आधी छापखान्यात कामाला होते. खालच्या खणात प्लास्टिकच्या पिशव्यांत मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे अंक आहेत, वेताळाचे, मँड्रेकचे, काही कव्हरांना वाळवी लागलेली पण आतली पानं शाबूत. इंद्रजाल १९६४ ला सुरू झालं, टाइम्स ऑफ इंडियावाले काढायचे, आमच्या वडलांच्या पिढीला हे सांगायला नको. काकांनी एक पान उघडून त्यावर भिंग धरलं आणि म्हणाले, "हे बघा, लाल रंग रेषेच्या बाहेर आलाय, का सांगा बरं?" एका पोरानं सांगितलं छपाईची चूक. "चूकच, पण रोजची. चार रंगांच्या चार प्लेटा, एक केसभर सरकली की झालं." भिंगातनं ते ठिपके दिसत होते, निळ्यावर लाल, लालावर पिवळा, आणि वेताळाच्या खांद्यामागं जांभळी सावली दुहेरी उमटलेली.

आता याचा पिक्चरशी संबंध असा की स्पायडर-व्हर्समध्ये मागची वस्तू धूसर दाखवायची असली की नेहमीसारखं नुसतं ब्लर करत नाहीत, रंग सरकवून ठेवतात, सरकलेल्या छपाईसारखे. पहिल्यांदा थेटरात बघताना कित्येकांना वाटलेलं की थ्रीडीचा पिक्चर विनाचष्म्याचा लावलाय. आणि दुसऱ्या भागात पवित्र प्रभाकरचं, म्हणजे भारतीय स्पायडर-मॅनचं, जे मुंबॅटन शहर आहे, मुंबई आणि मॅनहॅटन एकत्र केलेलं, त्याची चित्रशैली ठरवताना त्या टीमनं १९७० च्या दशकातली इंद्रजालच डोळ्यासमोर ठेवली होती. म्हणजे ज्या कागदावर काका भिंग धरून बसलेले तसलेच कागद अमेरिकेतल्या आर्टिस्टांनी अभ्यासले. ताईंनी लॅपटॉपवर मुंबॅटनचा एक सीन थांबवला, शेजारी काकांनी पान ठेवलं, आणि सगळे आळीपाळीनं वाकून बघत होते. अंगावर काटा आला राव. आपल्या घरातल्या माळ्यावरनं रद्दीत गेलेली ती पुस्तकं आणि त्यांचा असा मान!

बैठकीत एक विषय असा आहे की ज्यावर आवाज चढतोच. तिसरा भाग आधी मार्च २०२४ ला येणार होता, २०२३ च्या जुलैमध्ये हॉलिवूडमधल्या नटांचा संप चालू असताना ती तारीख काढून टाकली. पण त्याच्या आधीच, जूनमध्ये, दुसऱ्या भागावर काम केलेल्या काही आर्टिस्टांनी नाव न सांगता बोलून दाखवलेलं की झालेलं काम पुन्हा पुन्हा बदलायला लावलं, तास वाढत गेले आणि बरेच जण मधेच सोडून गेले. निर्मात्यांच्या बाजूनं उत्तर आलं की ॲनिमेशनमध्ये असंच चालतं, पिक्चर जमेपर्यंत बदल होणार. बैठकीतली काही पोरं म्हणतात त्याशिवाय असला पिक्चर होतच नाही. मला हे अजिबात पटत नाही आणि मी तिथंही बोललो. आपल्याला ज्यांची चित्रं एवढी आवडतात, ज्यांची नावं फळ्यावर लिहितो, त्यांनी रात्रीचा दिवस करून तब्येत घालवावी असं आपण कसं म्हणायचं? २०२७ तर २०२७, अजून सहा महिने घ्या, पण माणसांना झोपू द्या. यावर ताई फक्त एवढंच म्हणाल्या की शेवटची नावं चालू असताना थेटरातनं उठू नका, मी बसते, आणि हे वाक्य आता पोरांनी फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलंय.

बाकी विषयही निघतात. 'महावतार नरसिंह' हा आपल्याकडचा ॲनिमेशन पिक्चर २०२५ च्या जुलैमध्ये आल्यापासनं त्याचा दिग्दर्शक अश्विन कुमारच्या टीमवर बोलणारा एक छोटा गट तयार झालाय, पुढचा 'परशुराम' २०२७ ला म्हणून जाहीर झालाय तर त्यात कॅरेक्टरच्या चेहऱ्यावरचे भाव सुधारतील का यावर त्यांचं चालू असतं. मला त्यातलं फार कळत नाही, पण आपल्याकडची टीम म्हणून ते जीव तोडून बोलतात ते बघायला छान वाटतं.

आई-बाबांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. तो जुना कॉम्प्युटर आहे ना, त्यावर काकांनी ब्लेंडर टाकून ठेवलंय, ते ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि तासाला २० रुपये देऊन पोरं त्यावर काम करू शकतात. दुसऱ्या भागात जो लेगोचा, म्हणजे प्लास्टिकच्या ठोकळ्यांच्या जगातला, छोटा सीन आहे तो प्रेस्टन मुतांगा नावाच्या कॅनडातल्या १४ वर्षांच्या पोरानं केलाय. त्यानं घरी ब्लेंडरमध्ये पिक्चरचा ट्रेलर जसाच्या तसा लेगोत बनवून टाकला, तो लॉर्ड आणि मिलरच्या नजरेत आला आणि त्यांनी त्याला थेट कामावर घेतलं, शाळा सांभाळून केलं त्यानं. हे ऐकल्यापासनं नववीतलं एक पोरगं दर रविवारी चारलाच येऊन कॉम्प्युटर धरून बसतंय आणि आयर्विन पूल बनवतंय, खालनं कृष्णेचं पाणी वाहताना. कमानी जमल्यात, पाणी अजून जमत नाही, आणि ताई शेजारी बसून त्याला दाखवत असतात. एक पैसा घेत नाहीत.

आता कमी काय ते पण सांगतो. जागा फार लहान आहे, बारा-पंधरा माणसं झाली की मागच्यांना लॅपटॉप दिसत नाही, काकांनी एक सेकंडहँड प्रोजेक्टर घेतला तर लै बरं होईल, वर्गणी काढायला आम्ही तयार आहोत असं मी त्यांना सांगून आलोय. मे महिन्यात वर पत्रा तापतो आणि पंखा एकच. आर्टबुकं सगळी इंग्रजीत आहेत, ज्यांना इंग्रजी जड जातंय त्यांना नुसती चित्रं बघावी लागतात, शेजारच्याला विचारलं तर सांगतात पण दर वेळी विचारायला संकोच वाटतो. आणि एक-दोन पोरं अशी आहेत की येणाऱ्या पिक्चरचे कुठनं तरी आधीच फुटलेले फोटो मोबाईलवर आणून सगळ्यांपुढं नाचवतात, ज्यांना आधी काही बघायचं नसतं त्यांचा विचारच नाही. काकांनी एकाला दारात थांबवून मोबाईल खिशात ठेवायला सांगितलं ते मला आवडलं, पण हा नियम पण फळ्यावर यायला पाहिजे.

गाडी लावायला खाली जागा नाही, जरा लांब लावून चालत या. सोमवारी बंद असतंय. बैठकीला फी नाही, मेंबर नसला तरी बसू देतात, फक्त साडेचारपर्यंत पोचा नाहीतर उभं राहावं लागेल. येत्या रविवारी संगीतावर बोलायचं ठरलंय, पहिल्या दोन्ही भागांचं संगीत डॅनियल पेम्बर्टनचं आहे, तर ज्याच्याकडं चांगला स्पीकर असेल त्यानं घेऊन या, काकांचा एका बाजूनं फाटलाय.