स्पीकर घरी बनवावेत की तयार घ्यावेत?

हा प्रश्न कुणी विचारला की मी आधी एवढंच विचारतो: केवढे हवेत? शेल्फवर बसणारे, पाच-सहा इंची वूफरचे टू-वे (खालच्या स्वरांना वूफर, वरच्यांना ट्वीटर) हवे असतील तर तयार घ्या. कमरेएवढे थ्री-वे (मधल्या पट्टीला वेगळा ड्रायव्हर), मोठा सबवूफर (फक्त बाससाठी) किंवा ओपन बॅफल (मागे खोका नसलेली, नुसत्या फळीवरची रचना) डोक्यात असेल तर बनवण्याचा विचार जरूर करा. खोका जसजसा मोठा होतो तसतसं पारडं घरच्या कामाकडे झुकत जातं. असं का होतं, ते आधी पैशांच्या बाजूने बघू.

तयार स्पीकरच्या किमतीत संशोधन, फिनिश, पॅकिंग, गोदाम, वाहतूक, जाहिरात आणि विक्रेत्याचं कमिशन हे सगळं धरलेलं असतं. घरी बनवणाऱ्याचा यातला बराच खर्च वाचतो, हे खरं. पण कंपनी ड्रायव्हर, म्हणजे वूफर-ट्वीटरसारखे आवाज करणारे भाग, हजारोंनी घेते किंवा स्वतःच बनवते. तुम्ही घेणार दोन वूफर आणि दोन ट्वीटर, तेही किरकोळ भावाने. त्यावर क्रॉसओव्हरच्या (आवाजाच्या पट्ट्या ड्रायव्हरांत वाटणाऱ्या सर्किटच्या) कॉइल, कपॅसिटर, टर्मिनल आणि हत्यारं. राउटर (लाकडात खाच पाडणारं यंत्र), क्लॅम्प, सोल्डरिंग आयर्न आणि मोजमापाचा मायक्रोफोन आधीपासून घरात नसतील, तर लहान जोडीवरची बचत बघता बघता संपते.

मोठ्या खोक्याचं गणित वेगळं आहे. १८ मिलिमीटर जाडीच्या एमडीएफचा (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचा) एक चौरस मीटर साधारण १३ किलो भरतो. १०० लिटरच्या खोक्याला दीड चौरस मीटरच्या आसपास फळी लागते, म्हणजे ड्रायव्हर बसवायच्या आधीच वीसेक किलो. आत नुसती हवा असते, पण ती हवाही कंपनीला गोदामात ठेवावी लागते, ट्रकमधून न्यावी लागते, आणि ते भाडं शेवटी तुमच्याच बिलात येतं. तुम्ही मात्र फळ्या सपाट आणता आणि खोका जागेवर उभा करता. शिवाय १२ किंवा १५ इंची वूफरची किंमत आकाराच्या प्रमाणात वाढत नाही. बास हवा असेल तर बनवणाऱ्याचा फायदा इथे अगदी ठळक दिसतो.

आता खोक्याबद्दल. नवख्याला सर्वांत जास्त भीती याचीच वाटते, आणि खरं तर हाच भाग सर्वांत सोपा आहे. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला वूफर आणि खोका यांचं नातं मोजक्या आकड्यांत बसवलं. एफएस (वूफरचा स्वतःचा अनुनाद), क्यूटीएस (तो अनुनाद किती आवरलेला आहे ते) आणि व्हीएएस (वूफरच्या लवचिकतेइतकी हवा, लिटरमध्ये) हे ते आकडे आज बहुतेक चांगल्या ड्रायव्हरच्या डेटाशीटवर छापलेले असतात. समजा एफएस ४० हर्ट्झ, क्यूटीएस ०.४ आणि व्हीएएस २० लिटर आहे. बंद खोक्यात ०.७०७ हा नेहमीचा क्यू (खोक्यात बसल्यावर अनुनाद किती आवरला ते) हवा असेल, तर ०.७०७ ला ०.४ ने भागा, वर्ग करा, एक वजा करा आणि २० ला त्या संख्येने भागा. उत्तर येतं सुमारे साडेनऊ लिटर, आणि बास ७० हर्ट्झच्या आसपास उतरायला लागतो. कागद-पेन्सिलीवर होणारं काम आहे. पोर्ट (खोक्यातून हवा आत-बाहेर करणारी नळी) लावला तर हिशोब थोडा वाढतो, तो विनआयएसडीसारखं मोफत सॉफ्टवेअर करून देतं.

खरा पेच क्रॉसओव्हरमध्ये आहे. घरी बनवलेले बहुतेक स्पीकर इथेच मार खातात. बाजारात ‘टू-वे, ३००० हर्ट्झ’ असं लिहिलेले तयार क्रॉसओव्हर मिळतात. त्यांचा हिशोब ड्रायव्हरचा रोध सतत ८ ओहम राहतो असं धरून केलेला असतो. खरा ड्रायव्हर तसा कधीच वागत नाही. अनुनादाच्या जागी त्याचा रोध उसळतो आणि वरच्या पट्टीत कॉइलच्या इंडक्टन्समुळे पुन्हा चढत जातो. त्यामुळे तो क्रॉसओव्हर ३००० वर कापेलच याची शाश्वती नाही. तो घेऊ नका, कितीही जाड तारेचा आणि देखणा असला तरी.

त्यात बॅफलचीही, म्हणजे ड्रायव्हर बसवलेल्या पुढच्या फळीचीही, भर पडते. २० सेंटिमीटर रुंद बॅफल असेल तर साधारण ५५०-६०० हर्ट्झच्या खाली आवाज पुढेच न जाता स्पीकरच्या मागेही वळतो, आणि पुढे बसलेल्याला खालची पट्टी ६ डेसिबलपर्यंत कमी ऐकू येते. क्रॉसओव्हरमध्ये ही भरपाई नसेल तर गाणाऱ्याचा आवाज पातळ आणि छाती नसल्यासारखा येतो. आणखी एक गोष्ट: अडीच हजार हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जेमतेम १४ सेंटिमीटर असते. वूफर आणि ट्वीटर यांच्या केंद्रांत तेवढंच अंतर असलं, तर तुम्ही खुर्चीतून उठलात तरी स्वर बदलतो.

यावर उपाय मोजमाप हाच. आरईडब्ल्यू (मोजमापासाठी) आणि व्हिट्युइक्सकॅड (क्रॉसओव्हर आखण्यासाठी) ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत आणि कॅलिब्रेट केलेला यूएसबी मायक्रोफोनही फार महाग नसतो. स्पीकर जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर ठेवून एक मीटरवर मायक्रोफोन लावला, तर जमिनीवरून परावर्तित आवाज साधारण साडेचार मिलिसेकंद उशिरा पोचतो. त्याच्या आधीच रेकॉर्डिंग कापायचं, म्हणजे खोली बाजूला राहते आणि स्पीकर उरतो. मात्र या पद्धतीत सव्वादोनशे हर्ट्झच्या खालच्या आलेखावर भरवसा ठेवता येत नाही. मला सर्वांत आवडते ती फेजची, म्हणजे दोन्ही ड्रायव्हरच्या लहरी एकाच तालात आहेत का याची परीक्षा. चौथ्या क्रमाचा लिंकविट्झ-राइली (तीव्र उताराचा एक प्रचलित प्रकार) क्रॉसओव्हर असेल तर ट्वीटरच्या दोन तारा मुद्दाम उलट जोडून मोजा. क्रॉसओव्हरच्या जागी आलेखात खोल, दोन्ही बाजूंनी सारखा खड्डा दिसला, तर दोन्ही ड्रायव्हर फेजमध्ये जुळलेत. खड्डा उथळ किंवा तिरपा असेल तर काम बाकी आहे.

याच कामासाठी कंपन्यांकडे काय असतं तेही बघा. प्रतिध्वनीरहित कक्ष असतात, स्पीकरभोवती मायक्रोफोन फिरवून सगळ्या दिशांचं मोजमाप घेणारं क्लिपेल कंपनीचं यंत्र असतं. ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये असताना पडद्याआडून स्पीकर ऐकवण्याच्या चाचण्या केल्या. समोरून सपाट आणि बाजूंनी गुळगुळीत उतरत जाणारा प्रतिसाद असलेले स्पीकर बहुतेक श्रोत्यांना आवडतात, हे त्यांतून पुढे आलं. त्याच कामाच्या पायावर २०१३ मध्ये सीईए-२०३४ हे मोजमापाचं मानक निघालं. केईएफ या कंपनीचा युनि-क्यू ड्रायव्हर १९८८ पासून आहे: ट्वीटर वूफरच्या मध्यभागी, त्यामुळे दोन केंद्रांतल्या अंतराचा वर सांगितलेला प्रश्नच मिटतो. जेनेलेक ही कंपनी अ‍ॅल्युमिनियमची गोलाकार कॅबिनेट ओतते आणि वेव्हगाइड (ट्वीटरच्या आवाजाला दिशा देणारा खोलगट भाग) त्यातच घडवते. असं काही घरच्या टेबलावर होत नाही. म्हणून लहान टू-वेमध्ये चांगल्या तयार स्पीकरला हरवणं खरोखर अवघड आहे.

‘चांगल्या’ हा शब्द मात्र महत्त्वाचा. दुकानात चटकन उठून दिसावं म्हणून वरची पट्टी चढवलेले महागडे स्पीकरही विकले जातात, आणि ते महिनाभरात कान दमवतात. घेण्याआधी सर्व दिशांची मोजमापं शोधा, आणि जमलं तर घरी आणून ऐका. तयार स्पीकर आधी ऐकता येतो, वॉरंटी मिळते आणि नको झाला तर विकता येतो. घरी बनवलेल्याला पुनर्विक्रीत लाकडाचेही पैसे येत नाहीत, हे गृहीत धरून चाला.

बनवायचंच ठरलं तर पहिली जोडी स्वतः डिझाइन करू नका. मोजमापांसह प्रसिद्ध झालेलं डिझाइन किंवा किट घ्या आणि ते जसंच्या तसं बांधा. बॅफलची रुंदी, ड्रायव्हरची जागा आणि क्रॉसओव्हरमधल्या भागांची मूल्यं यांना हात लावायचा नाही. ‘त्याच मापाचा दुसरा वूफर चालेल’ हा सल्ला कानाआड करा. बीबीसीचा एलएस३/५ए हा छोटा स्पीकर या बाबतीत चांगला धडा आहे. खोका छोटा आणि बंद, भिंती जाड नव्हेत तर पातळ बर्च प्लायच्या आणि आतून डॅम्पिंग (कंप शोषणारा थर) केलेल्या, ट्वीटरभोवती फेल्टची चौकट. यातली प्रत्येक गोष्ट मोजून ठरवलेली होती. ‘अजून दणकट करू’ म्हणून जाड फळी लावली तर खोका मजबूत होईल, पण तो एलएस३/५ए राहणार नाही.

लाकूडकामात वेळ खातं ते फिनिश. एमडीएफच्या कापलेल्या कडा रंग शोषून घेतात, त्यामुळे आधी सीलर, मग घासणं, मग पुन्हा सीलर. धूळ अतिशय बारीक असते, चांगला मास्क लावल्याशिवाय राउटर सुरू करू नका. ट्वीटरची कड बॅफलशी समतल बसली पाहिजे. ती वर राहिली तर वरच्या पट्टीत लाटा उठतात आणि त्या मायक्रोफोनला स्पष्ट दिसतात. भंगार फळीवर आधी खाच पाडून ट्वीटर बसवून बघावा आणि मगच खऱ्या बॅफलला हात घालावा.

बनवणाऱ्याला जे मिळतं ते दुकानात सहसा नसतं. वरच्या लिंकविट्झ-राइली क्रॉसओव्हरमधलेच झिगफ्रीड लिंकविट्झ यांनी ओरायन, एलएक्स५२१ असे ओपन बॅफल स्पीकर डिझाइन केले आणि ते हौशी मंडळींना बांधता येतील असे उपलब्ध केले. या प्रकारात आवाज पुढे आणि मागे जातो, बाजूंना जवळजवळ जात नाही, त्यामुळे बाजूच्या भिंती कमी त्रास देतात. बास मात्र पुढून-मागून एकमेकांना खोडतो, म्हणून मोठे वूफर आणि इक्वलायझर लागतात. असे स्पीकर करणाऱ्या कंपन्या मोजक्या आहेत. शिवाय आत काय आहे ते तुम्हाला ठाऊक असतं. काही वर्षांनी कपॅसिटर बदलायची वेळ आली तर कुणाकडे जावं लागत नाही.

खोलीचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच. दोन-तीनशे हर्ट्झच्या खाली स्पीकरपेक्षा खोलीची हुकमत जास्त चालते. चार मीटर लांबीच्या खोलीत पहिला अनुनाद ४३ हर्ट्झवर येतो, स्पीकर कुठलाही असो.

म्हणूनच ज्यांचं अजून ठरत नाही त्यांना मी दोन्हींची सांगड घालायला सांगतो. मोजमापं चांगली असलेले लहान टू-वे तयार घ्या आणि सबवूफर घरी बनवा. ८० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी चार मीटरहून जास्त असते, म्हणून खोक्याचा आकार तुमच्या जागेप्रमाणे ठरवता येतो. क्रॉसओव्हर अ‍ॅम्प्लिफायरमध्येच असतो, त्यामुळे कॉइल-कपॅसिटरचा पेच उरत नाही. सुरुवात बंद खोक्याने करा, १२ इंची ड्रायव्हर घ्या आणि आत एखादी आडवी पट्टी टाकून भिंती बांधून घ्या. जागा ठरवताना सबवूफर तुमच्या बसण्याच्या जागी ठेवा, मायक्रोफोन घेऊन भिंतीकडेने फिरा, आणि जिथे आलेख सर्वांत सपाट येईल तिथे सबवूफर हलवा. मग ८० हर्ट्झच्या आसपास फेजचं बटण फिरवत तो बाजूच्या स्पीकरशी जुळवून घ्या.