वरचं तेल, खालचं बिल

नाशिक-सिन्नर रस्त्यावरच्या शिंदे-पळसे टोल नाक्यावर रांगेत गाडी थांबली की जळक्या तेलाचा वास आत यायचा. पुढच्या ट्रकचा असेल, अशी स्वतःची समजूत मी दोन महिने घालत होते. मग एकदा मोहदरी घाट चढून सिन्नरला पोचले आणि बोनेटच्या फटीतून निळसर धूर निघताना दिसला. त्या दिवशी समजूत संपली.

गाडी २००२ ची होंडा सिटी. घेतली सेकंडहँड, पण तेरा वर्षं माझ्याचकडे आहे. नाशिकचं इंदिरानगर ते सिन्नरची माळेगाव एमआयडीसी हा रोजचा रस्ता. पंधरा वर्षं भरली तेव्हा पेठ रोडच्या आरटीओत जाऊन पुन्हा पासिंग करून घेतलं. दुसऱ्यांदा २०२२ मध्ये गेले तर फी ६०० ची ५,००० झालेली, तीही मुकाट भरली. थोडक्यात, गाडी काढायची नव्हती. आणि हेच मी गॅरेजवाल्यासमोर पहिल्या दिवशी बोलून बसले. जिला गाडी विकायचीच नाही ती कितीही खर्च करील, हा हिशेब त्याने तिथेच केला असणार.

गॅरेजचं नाव लिहीत नाही. तक्रार चालू आहे, आणि असं गॅरेज एकच आहे असंही नाही.

जून २०२४ मध्ये पहिली फेरी. त्याने बोनेट उघडलं, बॅटरी मारली आणि म्हणाला, "ताई, टेन्शन घेऊ नका, टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलंय." निदान खरं होतं, हे आधीच सांगते. इंजिनाच्या डोक्यावर जे झाकण असतं ते टॅपेट कव्हर. त्याच्या आणि हेडच्या मध्ये रबराचं पॅकिंग. वीस-बावीस वर्षं उष्णता खाऊन ते रबर प्लास्टिकसारखं कडक होतं आणि तेल बाहेर झिरपायला लागतं. माझ्या गाडीत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणारे लोखंडी पाइप, रेडिएटरच्या बाजूला, बरोबर कव्हरच्या कडेखाली. तेल ठिबकून तापलेल्या लोखंडावर पडतं, म्हणून वास. चालत्या गाडीत वारा तो मागे नेतो, नाक्यावर थांबलं की तो आत येतो.

संध्याकाळी गाडी मिळाली, इंजिन धुऊन चकाचक. १,८०० रुपये. बिल म्हणजे कोऱ्या पॅडवर "पॅकिंग + मजुरी". मी पेशाने अकाउंट्सची. दिवसभर पुरवठादारांची बिलं तपासते, चलन जुळलं नाही तर साठ रुपयांसाठी कागद परत पाठवते. इथे मात्र जुनं पॅकिंग दाखवा एवढंही म्हणाले नाही. का? खरं सांगायचं तर तिथे तीन-चार बाप्ये स्टुलावर चहा पीत बसलेले असतात, आपण एकटीच बाई उभी, आणि जास्त विचारलं की "ताईंना काय कळतंय" असं हसू येतं. ते हसू टाळायला मी पैसे दिले.

ऑगस्टात पार्किंगमधल्या पावसाच्या पाण्यावर इंद्रधनुष्य तरंगायला लागलं. पुन्हा गॅरेज. या वेळी त्याने गाडी लिफ्टवर घेतली, मला खाली बोलावलं आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडावरून ओघळलेलं काळं तेल बोटाने पुसून दाखवलं. "वरचं काम झालंय ताई. हे क्रँकचं मागचं सील. गिअरबॉक्स उतरवावा लागेल." क्रँक म्हणजे इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा, आणि तो गिअरबॉक्सकडे जिथून बाहेर निघतो तिथली तेल अडवणारी कडी म्हणजे हे सील. डोळ्यांसमोर तेल दिसत होतं, नाही कशी म्हणणार? १४,५०० रुपये. कागदावर ऑइल सील, गिअर ऑइल दोन लिटर आणि मजुरी. या वेळी मी आठवणीने जुना पार्ट मागितला. त्याने कापडात गुंडाळलेलं एक सील हातात ठेवलं. मला समाधान वाटलं, आपण हुशारी केली म्हणून.

महिनाभर गाडी कोरडी ठाक. ऑक्टोबरात वास परत.

तिसऱ्या वेळी प्रकरण थेट इंजिनावर गेलं. चालू इंजिनाचं तेल भरायचं झाकण उघडून त्याने मला धूर दाखवला. "रिंगा गेल्या, दाब वर येतोय. कितीही पॅकिंगं टाका, तेल ढकलणारच. हाफ इंजिन करून टाकू, ३८,००० मध्ये बसवतो." रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या, आणि हाफ इंजिन म्हणजे इंजिन उघडून त्या बदलणं. वर ॲडव्हान्स वीस. मी फोनवर यूपीआय उघडलंसुद्धा होतं. नेटवर्क नव्हतं म्हणून वाचले. बाकी काही श्रेय माझ्याकडे जात नाही.

घरी आल्यावर जिन्यात सोसायटीतले काका भेटले. सातपूरला एका कारखान्याच्या टूल रूममध्ये आयुष्य काढून निवृत्त झालेले. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "इंजिन धुऊन गाडी चालवून कुणी बघितलं का?" धुतलं होतं की, दर वेळी! "अगं, तुला द्यायच्या आधी धुतलं. बघायच्या आधी धुतलं का?"

सगळी मेख इथे होती. तेल वरून गळतं आणि खाली दिसतं. माझ्या इंजिनात टॅपेट कव्हरच्या कोपऱ्याशी, गिअरबॉक्सच्या टोकाला, डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना वीज वाटून देणारा भाग) बसलेला आहे. कव्हरच्या त्या कोपऱ्यातून किंवा डिस्ट्रिब्युटरच्या ओ-रिंगमधून, म्हणजे त्याच्या गोल रबरी कडीतून, निघालेलं तेल हेडवरून ओघळत बरोबर गिअरबॉक्सच्या जोडावर येतं. खालून पाहणाऱ्याला क्रँकचं सीलच गेलंय असं वाटतं. न कळणारा मिस्त्री इथे प्रामाणिकपणे चुकू शकतो. कळणारा इथे कमावतो. आणि दर कामानंतर इंजिन धुऊन दिलं की महिनाभर काहीच दिसत नाही, गिऱ्हाईक खूश.

रविवारी काकांनी डिस्ट्रिब्युटर आणि अल्टरनेटरवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, थंड इंजिन ब्रश आणि डीग्रीझरने धुतलं, सुकवलं आणि सगळ्या जोडांवर अंगाला लावायची टाल्कम पावडर फुंकली. पांडवलेणीपर्यंत जाऊन आलो. बोनेट उघडलं तर पांढऱ्या पावडरीवर दोन ओल्या रेघा, एक कव्हरच्या पुढच्या कडेवरून, दुसरी डिस्ट्रिब्युटरच्या कोपऱ्यातून. खालचा जोड कोरडा.

मग कव्हर उघडलं. बदललेलं म्हणून १,८०० रुपये घेतलेलं पॅकिंग काढताना काटकन तुटलं. मूळचंच होतं. त्यावर राखाडी सिलिकॉनचे दोन थर, एक जूनचा, एक ऑगस्टमध्ये सीलच्या नावाखाली गुपचूप फासलेला असणार. आतल्या बाजूला सिलिकॉनच्या शेवया लोंबत होत्या. त्यातली एखादी तुटून चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीतल्या, जाळीत अडकली असती तर तेलाचा पुरवठा मंदावून इंजिन खरोखरच गेलं असतं. नटांखालचे रबरी वॉशर दोन ठिकाणी नव्हतेच. गळती थांबेना म्हणून नट आवळ आवळ आवळले होते. या कव्हरच्या नटांना जेमतेम १० न्यूटन मीटर टॉर्क लागतो, छोट्या पान्यावर मनगटाचा जोर. जास्त आवळलं की पॅकिंग दबून बाहेर येतं, कव्हर वाकतं आणि गळती वाढते.

स्पार्क प्लगच्या खड्ड्यांतही तेल साचायला लागलं होतं, कारण प्लग ज्या नळ्यांत बसतात त्यांची चार सील पॅकिंगच्याच सेटमध्ये येतात आणि सेट आणलाच नव्हता. पीसीव्ही व्हॉल्व काढून हलवला. आत खुळखुळायला हवा, हा ढिम्म. इंजिनातली वाफ ओढून घेणारा हा छोटा व्हॉल्व तुंबला की आतला दाब वाढतो आणि तेल सापडेल त्या फटीतून निघतं. झाकण उघडल्यावर दिसलेल्या धुराचाही मोठा वाटा त्याचाच. जुन्या इंजिनातून थोडी वाफ येतेच, म्हणाले काका. रिंगा गेल्या की नाही ते सिलिंडरमधला दाब मोजणारी कॉम्प्रेशन टेस्ट सांगते. ती दुसरीकडे करून घेतली, चारही सिलिंडर जवळपास सारखे आणि ठणठणीत.

पॅकिंगचा पूर्ण सेट, वॉशर, डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग आणि पीसीव्ही, सगळे मिळून २,३५० रुपये. या वेळी दुकानातून पक्कं बिल घेतलं. काकांनी सिलिकॉन लावलं ते फक्त चार कोपऱ्यांत, जिथे पॅकिंग कॅमच्या गोलाईवर चढतं तिथे, तांदळाच्या दाण्याएवढं. नट मधून सुरुवात करून आलटून पालटून, दोन-तीन फेऱ्यांत आवळले. अर्धा तास तसंच ठेवलं आणि मगच तेल भरलं. मजुरी म्हणून त्यांनी उकडीचे मोदक मागितले, तेही चतुर्थीची वाट न बघता.

राहिला क्रँकच्या सीलचा प्रश्न. काका गाडीखाली आडवे झाले. गिअरबॉक्सच्या बोल्टांवर जुना चिखल वाळून दगड झालेला, पाना लागल्याची एक खूण नाही. बिलात "गिअर ऑइल दोन लिटर" होतं. तपासलं तर आतलं ऑइल काळंकुट्ट. आणि कापडात गुंडाळून दिलेलं ते सील! क्रँकचं मागचं सील छोट्या बशीएवढं असतं. मला दिलेलं लहान मुलीच्या बांगडीएवढं होतं, कुठल्या तरी दुसऱ्याच गाडीच्या कॅमशाफ्टचं असावं.

फोटो घेऊन गॅरेजला गेले, काकांना बरोबर घेऊन. म्हटलं, "दादा, गाडी लिफ्टवर घ्या आणि उतरवलेल्या गिअरबॉक्सचे बोल्ट मला दाखवा." स्टुलांवरचा चहा थांबला. आधी "पोऱ्याने काम केलं, मी गावाला होतो", मग "आपली जुनी ओळख आहे ताई". माझी ओळख जूनपासूनची. शेवटी सहा हजार यूपीआयने परत आले, बाकीचे "पुढच्या महिन्यात".

पुढचा महिना आला नाही. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, म्हणून तिथलेही कागद जुळवतेय. अडचण माझ्याच कर्माची आहे. पॅडवरच्या त्या चिठ्ठ्यांवर गॅरेजचं नाव नाही, सही नाही, जीएसटी क्रमांक नाही. यूपीआयची नोंद आणि फोटो यांवरच सगळी भिस्त आहे. तुटलेलं पॅकिंग आणि ती बांगडी झिपच्या पिशवीत तारीख घालून ठेवली आहे.

गाडीखाली पुठ्ठा अंथरते, सकाळी निघताना बघते. अजून कोरडा आहे. दिवाळीत त्या गॅरेजमधून व्हॉट्सॲपवर शुभेच्छा आल्या होत्या. पणत्यांचा फोटो आणि खाली, इंजिन कामावर खास सवलत.