रेहोवोतच्या माकोलेतमध्ये नऊ महिने: हिल्बे उत्तम, पण डबीचं वजन?

काल पुन्हा डबीवरून वाद झाला, म्हणून आज लिहायला बसले. ऑगस्ट २०२२ मध्ये आम्ही इस्राएलमधल्या रेहोवोतला आलो. नवरा वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये पोस्टडॉक करतो. गेले नऊ महिने दूध-ब्रेडपासून तयार सॅलडांपर्यंत आमचं सगळं एकाच माकोलेतमधून येतं. माकोलेत म्हणजे आपलं कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान, इथे राहणाऱ्यांना ते सांगायला नको. हे दुकान शाआरायिमच्या बाजूला आहे. तिकडे येमेनी ज्यूंची वस्ती इस्राएल देश होण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. दुकानही येमेनी कुटुंबाचंच. पुढे बाप-लेक, आणि मागच्या खोलीत आजी पदार्थ करतात.

आधी तक्रार, कारण तीच मनात आहे.

काचेच्या कपाटात हिल्बे, स्खूग, मतबुखा (शिजवलेल्या टोमॅटो-मिरचीचं सॅलड), लाबने (दह्याचा चक्का) असं पाच-सहा प्रकारचं घरी केलेलं असतं. प्लॅस्टिकच्या डबीत भरतात, झाकण लावतात, डबी काट्यावर ठेवतात आणि जो आकडा येईल तो घेतात. पहिले तीन महिने माझ्या लक्षातच आलं नाही. मग एकदा रिकामी डबी धुऊन घरच्या काट्यावर ठेवली, तर झाकणासकट १४ ग्रॅम. मतबुखा ६० शेकेल किलो. म्हणजे डबीमागे ८४ अगोरा निव्वळ प्लॅस्टिकचे (शंभर अगोरांचा एक शेकेल). आठवड्याला आमच्या चार डब्या होतात. वर्षाचा हिशेब केला तर पावणेदोनशे शेकेल, २०२३ च्या दराने आपले जवळजवळ चार हजार रुपये! सांगलीत आमचा वाणी सुट्टं तेल देताना बरणीचा आधी धडा करायचा, म्हणजे रिकाम्या बरणीचं वजन वजा धरायचा, मग तेल ओतायचा. लहान मूल गेलं तरी धडा केल्याशिवाय तेल नाही. ती सवय अंगात भिनलेली आहे, त्यामुळे रक्कम छोटी असली तरी मला ते सोडून देता येत नाही.

पुढच्या खेपेला मी घरून स्टीलचा डबा घेऊन गेले. दुकानातल्या वडिलांनी डबा हातातही घेतला नाही. "घरचं भांडं नाही चालत." मला फार राग आला. उलट पावली परत आले आणि दोन आठवडे मोठ्या सुपरमार्केटमधलं बंद डब्यातलं आणलं. तेव्हा लिहिलं असतं तर या दुकानात पाऊल टाकू नका असंच लिहिलं असतं.

नंतर शेजारच्या बाईंनी समजावलं. दुकानाला कोशरचं, म्हणजे ज्यू आहारनियम पाळत असल्याचं प्रमाणपत्र आहे; त्या नियमांत मांस आणि दूध एकत्र येता कामा नये. घरून आलेल्या डब्यात आधी मटण होतं की दही, दुकानदाराला कसं कळणार? त्या डब्याला लागलेला चमचा पुन्हा लाबनेत गेला तर सगळंच वाया. हे ऐकल्यावर माझा राग उतरला. आपल्याकडे सोवळ्यातल्या स्वयंपाकात बाहेरचं भांडं आजी येऊ देत नसे, ते मी पाहिलेलं आहे. डब्याच्या बाबतीत माझीच चूक होती. धड्याच्या बाबतीत मात्र नाही. दुसऱ्या दिवशी गेले आणि शिकून ठेवलेले दोन शब्द म्हटले: "ब्ली हाकुफ्सा", म्हणजे डबीशिवाय. वडील म्हणाले, "झे क्लूम", म्हणजे एवढ्याने काय होतंय. पण रिकामी डबी काट्यावर ठेवली, बटण दाबलं, आकडा शून्य झाला आणि मग हिल्बे भरलं. तेव्हापासून मला पाहिलं की न सांगता तसं करतात. मुलगा करत नाही.

आता हिल्बेबद्दल. केवळ त्यासाठी मी त्या दुकानात परत गेले. हिल्बे म्हणजे मेथी. दाण्यांची पूड पाण्यात काही तास भिजवायची, वरचं कडू पाणी ओतून टाकायचं आणि उरलेला लगदा फेटत राहायचं. एकदा मागचं दार उघडं होतं. आजी खुर्चीत बसून, मांडीत पातेलं धरून हातानेच फेटत होत्या. पिवळसर लगदा हळूहळू पांढरा होत फुलत गेला. त्यांनी बोटं वर उचलली तेव्हा तो खाली पडेना, लांब तार धरून लोंबत राहिला. मग लिंबू आणि चमचाभर हिरवं स्खूग. मी लहानपणापासून मेथीचे लाडू, मेथीची भाजी खात आले, पण मेथी इतकी हलकी होऊ शकते हे मला ठाऊक नव्हतं. कडूपणा जिभेच्या शेवटाला जरासा लागतो, इतकाच. गरम भाकरीबरोबर खाऊन पाहा. ज्वारीचं पीठ मी सांगलीहून आणलं होतं, त्यातलं निम्मं हिल्बेपायी संपलं.

स्खूग म्हणजे ठेचाच, फक्त त्यात कोथिंबीर भरपूर आणि वेलदोडा. वेलदोड्याची सवय व्हायला मला महिना लागला.

'अंबा'बद्दल माझं मत बदललं. दुकानात 'अंबा' नावाची पिवळी चटणी मिळते. आपलाच शब्द, म्हणून पहिल्याच दिवशी हौसेने घेतली. लोणच्यासारख्या फोडी असतील असं वाटलं होतं, निघालं ओतण्याजोगं पातळ. फार निराश झाले. इथे ही चटणी इराकी ज्यूंनी आणली. साबिख म्हणजे वांगं-अंडं भरलेला पाव, त्यावर ती हवीच. बगदादचे ज्यू व्यापारी मुंबईत होते, ससून डॉक बांधणारे ससून त्यांच्यातलेच. त्यांच्याबरोबर आपला आंबा इराकमधल्या बसऱ्याकडे गेला असं सांगतात. हे सगळं ऐकूनही चव आवडेना. मग जानेवारीत एकदा वरणभातावर घातली आणि उलगडा झाला: कैरी, मेथी, हळद. हा तर गुळाशिवायचा मेथांबा! तेव्हापासून घरात थोडा गूळ विरघळवून त्यात घालते. आईला फोनवर सांगितलं तर तिचा विश्वास बसेना.

शाकाहारी मंडळींनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. 'खालावी' म्हणजे दुधाचं आणि 'पार्वे' म्हणजे मांसही नाही, दूधही नाही. पण पार्वेमध्ये अंडं आणि मासे चालतात. इक्रा नावाची गुलाबी चटणी पार्वे म्हणून आम्ही आणली आणि नवऱ्याने अर्धा ब्रेड तिच्याबरोबर खाल्ला. ती माशांच्या अंड्यांची असते. त्याला दोन दिवस जेवण गेलं नाही. यात दुकानाचा दोष नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

बाकी किराण्याचं थोडक्यात. सरकारने भाव बांधून दिलेला साधा ब्रेड खालच्या फळीवर असतो, तो मागा. दूध पिशवीतलं घ्या, आपल्यासारखंच. रिकाम्या बाटलीमागे ठेवीचे ३० अगोरा ते कुरकुर न करता परत देतात. नेहमीच्या गिऱ्हाइकांची उधारी वहीत लिहितात, आम्हीही दोनदा लिहायला लावली. एप्रिलमध्ये पेसाखच्या आठवड्यात (या ज्यू सणात ब्रेड खात नाहीत) ब्रेडची, पिठाची कपाटं पांढऱ्या कागदाने झाकलेली होती. तांदूळ, डाळी मात्र मिळत होत्या, कारण येमेनी लोक त्या दिवसांत त्या खातात. आमचं काही अडलं नाही.

जाख्नून फक्त शुक्रवारी. पिठाची पातळ लाटी तूप किंवा मार्गारिन लावून गुंडाळतात आणि रात्रभर मंद आचेवर भाजतात. बाहेरून तपकिरी, आतून पदर सुटलेले, चवीला थोडं गोड. किसलेला टोमॅटो आणि स्खूग बरोबर देतात. गुरुवारी नाव नोंदवावं लागतं, आणि शुक्रवारी दुपारी दोनला शटर खाली येतं ते रविवारीच उघडतं.

काल मुलगा होता. मी "ब्ली हाकुफ्सा" म्हटलं, त्याने मान हलवली आणि डबीसकटच वजन केलं. २१४ ग्रॅम. मी डबी काउंटरवर ठेवून परत म्हटलं. मागे रांग होती, तो ओरडला. मी पैसे दिले आणि निघाले. रविवारी वडिलांशी बोलणार आहे, रिकामी डबी आणि घरचा काटा सोबत नेऊन. तोवर तुम्ही जाणार असाल तर सकाळी अकराच्या आत जा. त्या वेळेला वडील असतात, आणि हिल्बेही तेव्हाच ताजं फेटलेलं असतं.