पेट्रोल वाचवणाऱ्या चुंबकाने माझे साडेचार हजार नेले

मालवणजवळ देवबागला माझी छोटी फायबरची होडी आहे, मागे 9.9 एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन. पर्यटकांना कर्ली नदी समुद्राला मिळते त्या संगमापर्यंत फिरवून आणतो. भाड्यातला मोठा वाटा पेट्रोलच खातं, त्यामुळे ‘तीस टक्के बचत’ हे शब्द कानावर पडले आणि मी थांबलो.

चुंबक विकायला आलेला माणूस गोड बोलणारा. म्हणाला, "काका, पैसे नंतर द्या, आधी डोळ्यांनी बघा." सकाळी अकराला जेटीवरून संगमापर्यंत एक खेप केली, नुसती जातानाची, होडीत चौघे. टाकीत मोजून ओतलेल्या पेट्रोलपैकी 1400 मिली गेलं. मग त्याने पेट्रोलचा पाइप कापला, मध्ये चुंबकाची पितळी नळी बसवली. "आता तीन तास थांबायचं, चुंबक सेट व्हायला लागतात." अडीच वाजता तीच खेप, होडीत आम्ही दोघेच. 950 मिली. मी तिथल्या तिथे 4,500 रुपये मोजले.

पंधरा दिवस वहीत लिहिलं. खर्चात काडीचा फरक नाही. थोरल्या काकांना सांगितलं तर त्यांनी एकच विचारलं, "दुपारी सुकती होती मा रे?"

होती! सुकती म्हणजे ओहोटी. सकाळी भरतीचं पाणी आत येत होतं, आम्ही त्याच्या उलट गेलो. दुपारी सुकतीने होडी आपसूक समुद्राकडे ओढली, वर दोन माणसं कमी. ते तीन तास चुंबकासाठी नव्हतेच, पाणी फिरायची वाट बघत होता तो. जन्म या खाडीवर गेला आणि मला हे दिसलं नाही, याचा राग अजून जात नाही.

पैशांपेक्षा वाईट पुढे झालं. त्या नळीच्या जोडातून पंप हवा ओढू लागला. पाइपवरचा, दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा रबरी बल्ब कितीही दाबला तरी मऊच. एका संध्याकाळी ऐन संगमाच्या तोंडावर, लाटा फुटतात तिथे, इंजिन बंद पडलं. होडीत दोन लहान मुलं होती. शेजारच्या होडीने दोर टाकला म्हणून निभावलं.

पेट्रोलवर चुंबकाचा परिणाम होत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने असली शंभरावर यंत्रं तपासली, मायलेज ठळकपणे वाढवणारं एकही निघालं नाही. माझं पेट्रोल वाचलं ते तळाचं शेवाळ आणि शिंपल्यांसारखे चिकटलेले कडक थर खरवडल्यावर, वाकलेल्या पात्याचा पंखा बदलल्यावर, आणि थ्रॉटल पूर्ण न पिळता थोडा कमी ठेवल्यावर. माणसं मागे दाटीने बसली की नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वर उचलते आणि इंजिन नुसतं पाणी ढकलत बसतं, म्हणून आता दोघांना पुढे बसवतो.

त्याचा फोन लागत नाही. तो मालवण, वेंगुर्ला, कुठेही उतरेल. तुमच्या जेटीवर आला तर पाइपला हात लावू देऊ नका. एवढंच सांगा, की भरतीत आणि सुकतीत, तेवढीच माणसं घेऊन, जाऊन-येऊन मोजायचं.